पायाला मानूस

"भागूच्या कनगीतून तंगडं भाईर काढलंस तर मोडून हातात देईन," पुतळाबाई म्हनली.

"माय, आत भुसकट हाय. मला शिंका यायला लागल्यात," कनगीतून बिरू म्हनला.

"शिंक गिळ."

आता तुमीच सांगा, शिंक कोनी गिळतं का. पर पुतळाबाईपुढं बोलायची कुनाची टाप नव्हती. बरं, घर माझं, दान्याची कनगी माझी, आन मला कोनी इचारलं बी नव्हतं. सकाळी मी जात्यावर बसले व्हते, तर ही म्हातारी आपल्या मिशीवाल्या लेकाला मनगटाला धरून घरात घेऊन आली आन म्हनली, "भागू, कनगी रिकामी हाय ना?" मी व्हय म्हनायच्या आत तिनं त्याला आत उतरवला, वर गोनपाट टाकलं आन दारात ठान मांडून बसली. वैशाखाचं ऊन, कनगीत वारं नाय, आन हा गडी उंचापुरा. गुडघे हनुवटीला लावून बसला बिचारा.

कारन सांगते, नायतर तुमी म्हनाल बायांना याड लागलं.

पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वरसं झाली व्हती. निजाम गेला, नवं सरकार आलं, आन शहरात मानसं अशी वाढली की जुन्या नहरीचं, जमिनीखालच्या पाटाचं, पानी पुरंना झालं. मंग सरकारनं ठरवलं, हर्सूलच्या अंगाला खाम नदी अडवायची, तळं करायचं आन तिथनं नळानं शहराला पानी न्यायचं. आमची वाडी त्याच्या वरच्या अंगाला. निम्मी घरं आमची कुनब्याची, निम्मी धनगरांची. बिरूचं वाडगं पार नदीला लागून. आज्या-पंज्यापासून मेंढ्या तिथंच बसत आल्या, लेंड्या पडून पडून ती माती अशी काळीभोर झाली व्हती की हात घातला तर कोपरापतुर जायाचा. वाडग्याशेजारच्या तुकड्यात सखूबाई वांगी लावायची. सखूबाई म्हंजी बिरूची बायको. तिची वांगी बघून आमचे मालक उसासा टाकायचे. मालक म्हंजी माझ्या घरचे. नाव घ्यायची मला सवय नाय.

धरनाचं काम सुरू झालं तवापासून वाडीत एकच बोलनं, पानी कुठवर येनार. कोनी म्हने वढ्यापतुर, कोनी म्हने म्हसोबापतुर. कामावर एक सायब व्हता, पुन्याकडून आल्याला, पुस्तकातल्यावानी बोलायचा. त्याला इचारलं तर म्हनायचा, "मोजणी पुरी झाल्याशिवाय सांगता येणार नाही." असं बोलनारा मानूस काहीतरी लपवतोय, हे आमच्या मालकाचं मत. त्यांना जीपच्या धुरळ्याचा बी संशय यायचा. रझाकाराच्या वक्ताला बी आधी धुरळाच दिसायचा, असं म्हनायचे, आन ते काय खोटं नव्हतं.

त्यात वळवाचा पाऊस झाला. धरनाच्या पायासाठी नदीत आडवा लांबच्या लांब चर खांदला व्हता. दुपारी आभाळ भरून आलं, गारा पडल्या, आन चराची एक बाजू धपकन बसली. कोनी दबलं नाय, नशीब म्हनायचं. गाळ काढून पुन्यांदा खांदला, पुन्यांदा बसला. पुतळाबाईला हे कळलं तवा ती भाकर खात व्हती. तिनं घास खाली ठिवला.

"धरतरी जिवाचा भोग मागायलीय," म्हनली.

दुसऱ्या दिशी बन्सी मुकादम वाडीत आला. उस्मानपुऱ्याचा गडी, डोक्याला रुमाल, तोंडात पान, बोली निम्मी आमची आन निम्मी शहरातली. पारावर उभा राहून त्यानं आवाज दिला.

"सुनो भाई, सायबाचा हुकूम हाय. पायाला मानूस लागतोय. धडधाकट पायजे. जो येईल त्याच्या घरच्यांचं भलं हुईल."

पायाला मानूस लागतोय. पारावर बसल्याली मानसं एकदुसऱ्याकडं बघायला लागली. कुनाला म्हशीची आठवन झाली, कुनाला शेतात जायाचं आठवलं. बन्सी म्होरं दगडाचं, चुन्याचं, मजुरीचं काय बाय सांगत व्हता म्हने, पर ते ऐकायला पारावर कुत्रं बी ऱ्हायलं नाय. इकडं पुतळाबाई घरोघर फिरून सांगत सुटली की मी कालच म्हनले व्हते.

इथवर बी ठीक व्हतं. पर कनगीच्या आदल्या दिशी हाच बन्सी पुन्यांदा आला आन थेट पुतळाबाईच्या अंगनात. मी तिथंच शेंगा निवडत बसले व्हते. त्यानं आधी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मंग बारीक आवाजात इचारलं, "माय, वाडीत पायाळू कोन हाय?"

माझ्या हातातली शेंग हातातच ऱ्हायली.

पायाळू म्हंजी जलमताना डोक्याच्या आधी पाय भाईर आल्याला मानूस. त्याच्या पायात गुन असतो. कुनाच्या पाठीत उसन भरली, कुनाची कंबर धरली, की पायाळूनं सकाळच्या पारी उपाशीपोटी एक लाथ मारायची, पाठ मोकळी. आमच्या आजूबाजूला पायाळू एकलाच, आमचा बिरू. गरीब सोभावाचा इतका, की लाथ मारायचा आन लगेच वाकून त्याच मानसाच्या पाया पडायचा. पर पायाळूचं दुसरं बी एक हाय. जुनी मानसं सांगायची, बुरूज उभा ऱ्हाईना, इहिरीला पानी लागंना, की भोग पायाळूचाच लागतो. साधा मानूस चालत नाय.

"पायाळू कामून पायजे?" पुतळाबाईनं इचारलं.

"सायबाला पायजे."

"सायबाला कशापायी?"

"ते नको पुसू, माय. आन कुनाला बोलू बी नको. उद्या सकाळी पाठव त्याला. आंघोळ घालून, उपाशीपोटी. पायात वहाना नको."

"आन वापस कवा यील?"

"एक बार काम झालं की झालं," बन्सी म्हनला, आन पान थुंकून चालता झाला.

आता तुमी म्हनाल, लोक बिरूकडं लाथ खायालाच येत व्हते, मंग तुमच्या टकुऱ्यात परकाश कसा पडला नाय? अवो, सायबाला पाठ असती हे कुनाला ठावं. आमच्या मते सायबाला टोपी असती आन जीप असती. पाठ गरिबाला असती, तीच वाकती, तीच दुखती. तर म्हनून बिरू माझ्या कनगीत.

दिस वर आला तशी सखूबाई मेंढरं माघारी घेऊन आली. कडेवर धाकटं लेकरू, पदर घामानं भिजल्याला, डोळे लाल.

"आत्याबाई, किती दिस कनगीत ठिवनार ह्यांना? मेंढरं माझ्या हाकंला येईनात. एक कोकरू चराकडं पळालं, त्याच्या मागं धावून माझ्या पायात गोळे आले."

"कोकरू गेलं तर दुसरं हुईल," म्हातारी म्हनली. "लेक दुसरा हुनार नाय मला. ह्याच्या आधीचे दोन मातीत घातलेत मी."

तेवढ्यात आमचे मालक रानातून आले. कनगीकडं बघून त्यांनी रामराम घातला, कनगीतून बी रामराम आला. पुतळाबाईनं त्यांच्याकडं असं बघितलं की मला काय ते कळंना.

"मला एक सांगा," ती म्हनली, "मुकादम माझ्याच दारात कसा आला? वाडीत एवढी दारं हायती. कोनीतरी सांगितल्याबिगर का आला? बिरू गेल्यावर त्या काळ्या तुकड्याला कोन वाली? मी म्हातारी, ही तरनी पोर. शेजाऱ्याला काय, बांध सारला की झालं."

माझं डोकंच फिरलं. "पुतळाबाई, तुमचा लेक माझ्या कनगीत हाय, माझं पानी पितोय, आन तुमी माझ्या कुंकवावर आळ घेता?"

"म्हनूनच तर हितं आनून ठिवला," म्हातारी जराबी न ढळता म्हनली. "ज्याचा संशय त्याच्याच घरात. म्हंजी मला दोन्हीकडं नजर ठिवाया बरं."

मालक तसे तापट, पर त्या दिशी कसे कोन जाने हासले. म्हनले, "पुतळामावशी, तुकड्यावर माझा डोळा हाय, नाय कशाला म्हनू. पर मानूस पुरून जमीन घ्यायची माझी दानत नाय." मंग खाली बसले आन आवाज बारीक केला. "मी येताना धरनावरनं आलो. सायबाची मोजनी बंद पडलीय. चार-पाच दिसांत तो राहुटीच्या भाईर आला नाय. दुर्बीन झाकून ठिवलीय, झेंड्या एका कोपऱ्यात पडल्यात. आन राहुटीतून आवाज येतो."

"कसला आवाज?" मी इचारलं.

"कन्हल्याचा."

सखूबाईनं कडेवरचं लेकरू छातीशी धरलं. आमी सगळे एकच समजलो. आधीच कुनालातरी धरून आत ठिवलंय, आन तो पायाळू नाय निघाला म्हनून आता बिरू पायजे. कनगीतून शिंक आली. मंग दुसरी आली. म्हातारी दाराकडं धावली, कोनी ऐकलं का बघायला. सखूबाईनं डोळे पुसले आन पदर खोचला.

"मी जाते," म्हनली.

"कुठं?"

"सायबाकडं. आज कनगीत, उद्या कुठं लपवाल? असं भ्यात भ्यात जगायचं असंल तर कनगीत मी बी बसते, लेकरू बी बसवते. काय ते तोंडावर इचारते."

पुतळाबाई दारात आडवी झाली, पर सखूबाई तिला वलांडून गेली. कधी सासूकडं मान वर करून न बघनारी बाई, सरळ वलांडून गेली. मी तिच्या मागं निघाले. एक तर तिला एकलीला कसं जाऊ द्यायचं, आन दुसरं, खरं सांगते, मला बी बघायचं व्हतं.

भर दुपार. नदीच्या पात्रात गाढवं दगड वाहत व्हती, चुन्याच्या घान्याला रेडा फिरत व्हता, त्या वासानं नाक चुरचुरत व्हतं. राहुटीच्या तोंडाशी बन्सी बसल्याला. आमाला बघून उठला. आतून आवाज आला, लांबलचक, पोटातनं आल्यावानी. बन्सी "अगे बाई, अंदर नको" म्हनतोय तवर सखूबाई त्याच्या हाताखालून आत शिरली, आन मी तिच्या पदराला धरून तिच्या मागं.

आत बांधून ठिवल्याला कोनी नव्हता. फळीवर सायबच पालथा पडला व्हता. सदरा वर केल्याला, पाठीवर शेकायला फडक्यात गुंडाळल्याली तापली वीट. गोरी पाठ, तिच्यावर घामोळं. मी तर लाजून तोंड फिरवलं. सखूबाईला काय दिसतच नव्हतं.

"सायब, पायाला मानूस पायजे ना तुमाला?" तिनं इचारलं.

"हो, पाहिजे ना," सायब उशीत तोंड घालूनच बोलला. "तुमच्या वाडीतून कुणी येतच नाही. काम अडलंय सगळं."

"मंग मला घ्या."

"हं?"

"आमच्या धन्याला सोडा आन मला घ्या. मी पायाळू नाय, डोक्याकडूनच जलमले. पर जीव तर हाय ना माझ्यात. चालवून घ्या. त्यांची म्हातारी हाय, मेंढरं हायती, ती त्यांच्याबिगर जगायची नायती. लेकरू अजून अंगावर पितंय. ते भागूअक्का संभाळतील."

मला न इचारता तिनं कडेवरचं लेकरू माझ्या हातात दिलं. लेकरानं माझ्या नथीला हात घातला. मी त्याची मूठ सोडवत मान हालवली.

सायबानं मोठ्या कष्टानं मान वळवली. "बन्सी, ही बाई स्वतःला कशात घ्या म्हणतेय?"

बन्सीच्या ध्यानात आलं व्हतं. त्याचं पान चावायचं थांबलं व्हतं. "सायब, हिला वाटतंय की तुमी हिच्या नवऱ्याला पायात गाडनार."

मंग सायबाला हासू आलं. हासला तशी पाठीत कळ आली, कळ आली तसा वरडला, वरडता वरडता पुन्यांदा हासला. शेवटी डोळ्यांत पानी आलं त्याच्या. हासन्याचं का दुखन्याचं, देव जाने.

"बाई," म्हनला, "मला तुमच्या नवऱ्याची फक्त लाथ पाहिजे. इथे, या पाठीत. जीपच्या हिसक्यांनी कंबर धरलीय माझी. डॉक्टर झाले, मलमं झाली. हा बन्सी म्हणाला पायाळू माणसाची लाथ लागते."

"मंग चोरून कामून बोलावलं?" सखूबाईचा संशय काय जाईना.

बन्सी खाली बघून म्हनला, "मजुरांना कळलं की सायब लाथ खातो, तर उद्या आमचं कोन ऐकंल?"

सखूबाईनं पाठीकडं बघितलं, विटंकडं बघितलं. "शपत घ्या," म्हनली.

"कुणाची?"

"ह्या पाठीची. खोटं बोलला तर जलमात सरळ व्हायची नाय."

सायबानं हात मागं नेला, पाठीवर ठिवला आन शपत घेतली. मी बघितलं ना.

दुसऱ्या दिशी सकाळी बिरू निघाला. आंघोळ करून, उपाशीपोटी, अनवानी. त्याच्या मागं सखूबाई, तिच्या मागं पुतळाबाई, आन तिच्या मागं सगळी वाडी. बन्सीनं चोरून ठिवायचं म्हनलं व्हतं, पर कनगीत बसल्याला मानूस राजरोस चाललाय म्हनल्यावर घरात कोन थांबतंय. पुतळाबाईनं पदराखाली इळा घेतला व्हता. शपतीवर सखूचा इश्वास बसला, माझा नाय, म्हनली.

सायबाला दोघांनी धरून राहुटीच्या खांबाशी उभा केला. धनुकलीवानी वाकला व्हता. बिरूनं बिरोबाचं नाव घेतलं, पाय झटकला आन हानली. असा आवाज झाला की चुन्याच्या घान्याचा रेडा थांबला. सायब खांबाला मिठी मारून तसाच ऱ्हायला. मंग तो हळू हळू सरळ झाला, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आन बायकांकडून पोरांकडं, पोरांकडून बायकांकडं नुसता चालतच सुटला. बिरू त्याच्या मागं मागं, पाया पडायला.

वाडी इतकी खूश की इचारू नका. सरकारच्या लाथा आमी पिढ्यानपिढ्या खाल्ल्या, निजामाच्या खाल्ल्या, त्याच्या जहागीरदाराच्या खाल्ल्या. परत द्यायचा योग आमच्या बिरूच्या नशिबी आला. सायबानं सगळ्यांना गुळाचा च्या पाजला. त्याच दिशी निम्मी वाडी पायाच्या कामाला लागली, आमचे मालक बी. पुतळाबाईनं मालकांच्या हातावर चार वांगी ठिवली. माफी-बिफी काय मागितली नाय.

सायबाचा बिरूवर लई जीव बसला. "हा माझ्याबरोबर राहील," म्हनला, "मोजणीला." आन दुसऱ्या दिशी फटफटायला सायब दुर्बीन घेऊन निघाला, पाठ ताठ, चाल अशी की मानसांना त्याच्या मागं पळावं लागत व्हतं. अडल्यालं सगळं काम त्याला उरकायचं व्हतं. बिरूच्या खांद्यावर लाल झेंड्यांचा भारा. सायबानं दुर्बिनीतून बघायचं, हात करायचा, बिरूनं झेंडी रोवायची. आमी शेतातनं बघत व्हतो. झेंड्या वढ्यापतुर आल्या. वढा वलांडला. म्हसोबाला मागं टाकलं. मालकांनी औत उभं केलं.

दुपार कलली तवा सायब बिरूच्या वाडग्याच्या वरच्या अंगाला, चढावर उभा व्हता. दुर्बिनीतून बघितलं, हात केला.

"इथे रोव."

बिरूनं झेंडी टेकवली, दगडानं ठोकायला घेतली. दोन ठोके मारले आन थांबला. झेंडी बघितली, मंग झेंडीच्या खाली बघितलं. खाली वाडगं व्हतं, घर व्हतं, वांगी व्हती.

"सायब, पानी कुठवर यील?"

सायबानं दुर्बिनीवरनं तोंड काढलं. "झेंडीपर्यंत."

"आन झेंडीच्या खालचं?"

"खालचं तळ्यात." मंग त्यानं वाडग्याकडं नीट बघितलं. "कुणाचं आहे हे?"

"माझं, सायब."

सायब मानूस वाईट नव्हता, उगं कशाला खोटं सांगू. टोपी काढली, पुन्यांदा घातली. "वरच्या माळावर जागा मिळेल तुला," म्हनला. "मी लिहीन तसं." माळावर काय हाय ते त्याला बी दिसत व्हतं, मुरूम आन कुसळं.

बिरूनं दगड उचलला आन राहिल्यालं काम पुरं केलं. झेंडी सरळ बसवली, हालते का बघितली. त्याला दुसरं काय करायचं ते ठावंच नव्हतं. सखूबाई वांग्यांच्या वाफ्यात बसून ऱ्हायली, लेकरू मातीत खेळत व्हतं. आमच्या मालकांनी त्या तुकड्याकडं बघितलं, पर त्या दिशी उसासा टाकला नाय. खाली नदीत पायाचा चर भरत चालला व्हता, कुनाचा भोग न घेता.

पुतळाबाई काठी टेकत चढावर आली. झेंडीपाशी उभी ऱ्हायली. सायब आता दुसऱ्या चढाला लागला व्हता, पाठ अशी सरळ की गवंड्यानं वळंबा लावून बघावी. म्हातारीनं त्याला वरपासून खालपतुर बघितलं, मंग लेकाकडं वळली.

"बिऱ्या," म्हनली, "लाथ जरा जोरात मारायची व्हती रं."